निवडुंगाचं पंचांग

आंब्याला मोहर कधी येतो, पळस कधी फुलतो, बोरं कधी पिकतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. निवडुंगाचं मात्र कुणी विचारतच नाही. तो बारा महिने तसाच हिरवा, तसाच काटेरी, असं आपण धरून चाललेलो असतो. मोठ्यांनी लांबून जावं आणि लेकरांना जवळ जाऊ देऊ नये, एवढीच त्याच्याविषयीची आपली माहिती. पण निवडुंगालाही महिने कळतात. त्याचंही एक पंचांग आहे, आणि गेली काही वर्षं मी ते वाचते आहे.

मी राहते सुरतेत, नवागामला. डिंडोली-नवागामचा हा भाग म्हणजे सुरतेतलं खानदेशच. भाजीवाल्याशी घासाघीस अहिराणीत चालते आणि रिक्षावाल्याशी गुजरातीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं भुसावळ लाईनच्या गाडीनं इथं आली, कापडाच्या कारखान्यांत आणि मागांवर कामाला लागली, आणि इथलीच झाली. आमच्यासारखी काही ओसवाल घरंही त्यांच्या मागोमाग दुकानदारीसाठी आली. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे माती-विटांचा एक जुना ढिगारा आहे. त्यावर फड्या निवडुंगाचं बेट माजलेलं आहे. सुरत तसं पावसाचं गाव. पण ढिगाऱ्यावर पाणी ठरत नाही, म्हणून त्याला ती जागा मानवली असावी. माझी स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला उघडते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी त्याच्याकडे बघत असते.

त्याचा खरा मुलूख बघायचा तर गाडीत बसावं. माझं माहेर शिंदखेड्याकडचं. उधन्याहून गाडी निघाली की बारडोली, व्यारा, सोनगडपर्यंत ऊस आणि हिरवळ. नवापूरपर्यंत डोंगर, झाडी. नंदुरबार मागं पडलं की मात्र जमीन कोरडी होत जाते, आणि दोंडाईच्यानंतर बांधाबांधावर काटेरी कुंपणं दिसू लागतात. लहानपणी आम्ही त्या सगळ्यालाच निवडुंग म्हणायचो. ती दोन अगदी वेगळी घराणी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

एक आहे थोर, साबर, शेर यांचं घराणं. यांचं खोड मोडलं की पांढरं दूध येतं, आणि ते डोळ्यात गेलं तर फार त्रास देतं. हे आपल्या मातीतलं जुनं घराणं. काटेरी थोराला हिवाळा सरता सरता, पानं गळून गेली की बारीक लालसर फुलं येतात. मुद्दाम वाकून बघितली तरच दिसतात. दुसरं घराणं फड्या निवडुंगाचं, म्हणजे खऱ्या कॅक्टसचं. त्याचा फड मोडला तर दूध येत नाही, चिकट पाणी येतं. आपण ज्याला पान म्हणतो तो फड म्हणजे त्याचं खोड असतं, आणि काटे म्हणजे त्याची पानं. कॅक्टसची एखादी जात सोडली तर हे सगळं घराणं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या सफरीनंतर ते जगभर पसरलं आणि आपल्याकडे आलं. म्हणजे मिरची, बटाटा आणि पेरूसारखाच हाही पाहुणा. आपण त्याला फक्त घरात घेतलं नाही, कुंपणावर उभं केलं.

हा फरक मी इतका लांबवून का सांगते, ते पुढं येईल. आधी पंचांग.

निवडुंगाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. आमच्याकडे आयंबिलची ओळी चालू असते, स्थानकात एकधान्याचं बिनतेल, बिनतिखटाचं जेवण असतं, आणि इकडे ढिगाऱ्यावर फडांच्या कडेला ओळीनं हिरव्या गुंड्या लागलेल्या असतात. सुरुवातीला कळत नाही की यातला नवा फड कुठला आणि कळी कुठली. दोघं सारखीच दिसतात. आठ-दहा दिवसांत चपटं होत जातं तो फड, आणि टोकाला पिवळं दिसतं ती कळी. मग एका सकाळी ऊन वर आलं की फूल उघडतं. पिवळंधमक, रेशमासारखं तकतकीत, मधे पुंकेसरांचा झुपका. ते एकाच दिवसाचं. संध्याकाळपर्यंत पिवळ्याचं नारिंगी होतं आणि मिटतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळीची पाळी. असं वैशाखभर चालतं. आजूबाजूचं गवत पिवळं पडून मोडलेलं असतं, कूलरला पाणी पुरत नसतं, आणि हे एकटं फुलत असतं.

एकदा त्या फुलात मधमाशी उतरलेली जवळून पाहिली. तिचा पाय लागला की पुंकेसर हळूहळू आतल्या बाजूला झुकत होते. ते पराग तिच्या अंगावर चांगले घासले जावेत म्हणूनची ही सोय. हात न लावता उभी राहून बघितलं तर एवढं दिसतं. आम्ही स्थानकवासी, आमच्याकडे मूर्ती नाही, फुलं वाहायची नाहीत. फुलाकडे नुसतं बघायचं शिक्षण आम्हाला आयतंच मिळालेलं असतं.

पाणी नाही तर फुलतो कशावर? तर साठवलेल्यावर. पावसाळ्यात फड जाड होतात, उन्हाळ्यात सुरकुततात. आणि त्याची एक फार मोठी काटकसर आहे. बाकीची झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडी ठेवून हवा घेतात, तेव्हा त्यांच्यातलं पाणीही उन्हानं उडून जातं. निवडुंग दिवसभर दारं बंद करून बसतो. रात्री गारवा झाला की उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि आंबट रसाच्या रूपात साठवून ठेवतो. दिवसा दारं लावून त्यातूनच अन्न तयार करतो. म्हणून त्याचा फड पहाटे आंबट असतो आणि संध्याकाळी सौम्य. मेक्सिकोत कोवळ्या फडांची भाजी करतात, त्यांना ही चवीची वेळ माहीत असते. आमचा चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, आणि हा बरोबर उलटा. याचं सगळं घेणं रात्री. आमच्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "त्याला कुठं दिवा लावावा लागतो? जीव पडत नाहीत त्याच्या ताटात."

आमच्या घरात सासूबाईंना सगळे ‘बाई’ म्हणतात. त्यांनी दोन वर्षीतप केलेले. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण, आणि अक्षय तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. त्यांच्या दुसऱ्या पारण्याच्या दिवशी, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, मी खिडकीतून बघितलं तर बेट पिवळं झालेलं होतं. तपाला निवडुंगाची उपमा द्यायचा मोह मला तेव्हा झाला, पण बाईंना ती चालली नसती. "झाडाचा इलाज नसतो म्हणून ते उपाशी राहतं. माणसाच्या पुढ्यात ताट असतं," असं त्या म्हणाल्या असत्या, आणि ते खरंच आहे.

आषाढ लागला की दुसऱ्या निवडुंगाची वेळ येते. ही वेळ तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे, फक्त त्याला निवडुंग म्हणत नाही कुणी. आपल्या बाल्कनीतलं ब्रह्मकमळ! हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. ते थंड डोंगरात उगवतं, उत्तराखंडचं राज्यफूल आहे. आपल्या कुंडीत पानावर कळी येते ते मध्य अमेरिकेकडचं बिनकाट्याचं कॅक्टस आहे. ते ‘पान’ही फडासारखंच खोड. आमच्या गल्लीत कुणाकडे कळी वाकून वर उचलली की समजायचं, आज रात्री फुलणार. मग दहा वाजता फोन. "भाभी, या हो, उमलतंय!" गाऊनवर ओढणी टाकून आम्ही सगळ्या जणी जमतो. कुणी निरांजन आणते, कुणी मोबाईलवर फोटो काढते. मंद वास घरभर पसरतो. पहाटे बघावं तर फूल मान टाकून लोंबत असतं.

या फुलाला फळ धरलेलं मी आमच्या गल्लीत कधी पाहिलं नाही. कारण साधं आहे. इथल्या सगळ्या कुंड्या एकाच कुंडीच्या लेकी. एकीनं पान तोडून दुसरीला दिलं, दुसरीनं तिसरीला. दिसायला पंधरा झाडं, पण वंश एकच. अशा निवडुंगाला फळ धरायला वेगळ्या झाडाचे पराग लागतात, आणि ते घेऊन येणारे रात्रीचे मोठे पतंग लागतात. आपल्याकडे ते वेगळं झाडच नाही. ज्याला देव म्हणून हात जोडतो, त्या फुलाचं फळ आपल्या अंगणात होतच नाही.

तिसरं निवडुंग बाजारात येतं. पावसाळा सुरू झाला की लारीवर गुलाबी, खवल्याखवल्यांचं ड्रॅगन फ्रूट दिसतं. २०२१च्या जानेवारीत गुजरात सरकारनं त्याचं नाव ‘कमलम’ ठेवलं, आकार कमळासारखा म्हणून. आमच्या लारीवाल्यानं लगेच पाटी बदलली, भाव मात्र तोच ठेवला. कच्छच्या कोरड्या जमिनीत त्याच्या बागा झाल्या आहेत, महाराष्ट्रात सांगली-सोलापूरकडे आहेत. सिमेंटच्या खांबावर वेल चढवतात, वरून छत्रीसारखा खाली सोडतात. त्याचं फूलही ब्रह्मकमळासारखं एका रात्रीचं, पांढरं, वीतभर मोठं. सूर्यास्तानंतर उघडतं आणि सकाळी ऊन तापायच्या आत मिटतं. त्यानंतर साधारण महिनाभरात फळ तयार. असे फुलांचे चार-पाच बहर पावसाळाभर, थेट कार्तिकापर्यंत येत राहतात. काही जातींना फळ धरावं म्हणून शेतकरी रात्री बॅटरी घेऊन हातानं पराग लावत फिरतात. लारीवर भाव करताना ही रात्रपाळी आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या घरात मात्र कमलम चिरलं की चर्चा सुरू होते. त्याच्या गरात तिळासारख्या हजारो काळ्या बिया. मग हे बहुबीज धरायचं का? बावीस अभक्ष्यांमध्ये बहुबीज येतं. डाळिंबातही दाणे पुष्कळ, पण तिथं दाण्यांच्या मधे पडदे असतात, म्हणून ते चालतं. इथं पडदा नाही. काही घरांत खातात, काहींत नाही. आमच्याकडे मुलं खातात, बाई खात नाहीत, आणि मी चातुर्मासात खात नाही. एका घरात तीन उत्तरं, आणि तिन्ही सुखानं नांदतात.

चौथा काळ हिवाळ्याचा, आणि तो पुन्हा ढिगाऱ्यावरच्या बेटाचा. चैत्र-वैशाखातल्या फुलांच्या खालचा हिरवा भोंडला भाग पावसाळाभर तसाच बसून असतो. काही घडत नाही असं वाटतं. दिवाळीनंतर तो तांबूस व्हायला लागतो, आणि थंडी पडली की गडद जांभळा-लाल. हे त्याचं फळ. गुजरातीत त्याला फिंडलां म्हणतात. सौराष्ट्र-कच्छकडे पोरं चिमट्यानं तोडून, निखाऱ्यावर फिरवून त्याची कूस जाळतात आणि खातात. ही कूस म्हणजे केसाहून बारीक काट्यांचे पुंजके. बोटात गेले तर दोन दिवस सलतात, घशात गेले तर विचारूच नका. म्हणून रस काढला तर तो बारीक कापडातून गाळून घ्यावाच लागतो. रंग असा की बीट मागं पडेल. आणि तो रंग बिटाच्याच कुळातला आहे. कंदमूळ म्हणून बीट आमच्या घरात येत नाही. तोच रंग उंच काट्यांवर, जमिनीला न शिवता तयार होतो, याची मला गंमत वाटते.

दोन वर्षांपूर्वी याच फळानं आमच्या घरात प्रश्न उभा केला. बाईंचं हिमोग्लोबिन आठाच्या खाली गेलं. चालताना धाप लागायची, स्थानकाच्या पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, लोहाची औषधं सुरू केली. समोरच्या घरात अमरेलीकडच्या एक बेन राहतात. त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गावाहून आलेल्या फिंडलांचा रस बाटलीत भरून घेऊन आल्या. "बा, आ पीओ. लोही वधशे." त्यांनी स्वतः रात्री बसून गाळलेला. त्यांच्या बोटांत अजून काटे होते, ते मी सुईनं काढून दिले.

बाईंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरून रंग बघितला, आणि विचारलं, "हे कशाचं?"

"हाथला थोरनुं," बेन म्हणाल्या.

गुजरातीत फड्या निवडुंगाला हाथलो थोर म्हणतात. थोर हा शब्द ऐकला आणि बाईंनी बाटली खाली ठेवली. बत्तीस अनंतकायांच्या यादीत थोर आहे. एका शरीरात अनंत जीव, म्हणून तो खायचा नाही. बाईंनी लग्नाआधी महासतीजींकडून अनंतकायाचं पच्चक्खाण घेतलेलं. बटाटा, कांदा, लसूण, आलं, गाजर यांच्याबरोबरच थोरही.

बेन गेल्यावर मी बाईंजवळ बसले. मला त्यांनी तो रस प्यावा असं वाटत होतं, हे लपवत नाही. रसानं रक्त वाढतंच असं मी म्हणत नव्हते, औषध डॉक्टरांचंच. पण त्यांना दोन घास जात नव्हते, आणि समोर कुणीतरी एवढ्या मायेनं आणलं होतं. मी म्हटलं, "बाई, शास्त्रात लिहिलेला थोर तो दुधाचा. आपल्या शिंदखेड्याच्या बांधावरचा. ही यादी झाली तेव्हा हा फड्या निवडुंग आपल्या देशात नव्हताच. तो अमेरिकेतून आला. गुजरातीत नाव थोर पडलं, मराठीत आपण दोघांनाही निवडुंग म्हणतो, एवढंच. दूध निघतं का बघा, नाही निघत."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, तुझं खरं असेल. पण मी हात जोडून नियम घेतला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर कोणतं झाड होतं? हेच. काटे असलेलं सगळंच. मी नियम झाडाला दिला नाही, महासतीजींना दिला. आता आजारी पडले म्हणून झाडाचं नाव बदलू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रस मुलानं प्यायला. दिवसभर जीभ जांभळी करून फिरला. बेनना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं, "तुमचा भाव पोचला, माझा नियम आडवा आला." बेन म्हणाल्या, "नियम तो नियम छे, बा." त्यांच्याकडेही एकादशी असते, त्यांना ते लगेच समजलं. बाईंचं रक्त पुढं औषधांनी आणि इंजेक्शनांनी हळूहळू वाढलं. आता त्या पुन्हा पायऱ्या चढतात, कठडा धरून.

पण माझ्या मनातला प्रश्न गेला नाही. नियम मनाचा, हे बाईंचं म्हणणं पटतं. तरीही ज्याचा नियम घ्यायचा ते आधी ओळखू नये का? हे मला त्याच बेटानं आणखी एकदा विचारलं. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की फडांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. पांढरी बुरशी असेल असं वाटतं. ती बुरशी नव्हे, जिवंत किडे असतात. कापसाखाली बसून फडाचा रस पितात, आणि चिरडले तर रक्तासारखा लाल रंग निघतो. याच कुळातल्या किड्यांपासून मेक्सिकोत शेकडो वर्षं लाल रंग करत आले. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात. त्या रंगाच्या लोभानं १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीनं ब्राझीलहून असा किडा आणि त्याच्यासाठी निवडुंग जोपासायचा घाट आपल्या देशात घातला. किडा आला तो हलक्या जातीचा. रंगाचा धंदा बुडाला, पण त्या किड्यानं निवडुंगाच्या एका जातीची रानंच्या रानं खाऊन संपवली. आपण मराठीत किरमिजी रंग म्हणतो, तो शब्दही किड्यावरूनच आला. संस्कृतातला कृमी त्याच्या मुळाशी आहे.

मैत्रिणींनो, हा रंग आजही आहे. परदेशी गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनावर ई १२० असं लिहिलेलं असतं, लिपस्टिकच्या डबीवर सी.आय. ७५४७०. तो याच किड्यांचा रंग. आपण आलं-लसूण टाळतो, कमलमच्या बिया मोजतो, आणि पर्युषणात प्रतिक्रमणाला जाताना ओठाला काय लावलं ते वाचत नाही. तो आकडा कुठल्याच जुन्या यादीत नाही, कारण यादी करणाऱ्यांच्या काळी ही लिपस्टिक नव्हती. त्यांनी आपल्याला यादी दिली तशी ती करायची नजरही दिली होती. यादी पाठ झाली, नजर वापरायची राहून गेली, असं मला वाटतं.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नियमात एक झाड जास्तीचं आहे आणि तुमच्या नियमात एक किडा कमी." दुसऱ्या दिवशी त्यांनी नातसुनेला तिची पर्स घेऊन बोलावलं आणि चष्मा लावून एकेक डबी वाचायला बसल्या. दोन डब्या बाजूला निघाल्या.

आता स्थानकात बायका मला विचारतात, निवडुंग चालतो का? मी कोण सांगणार? मी त्यांना एवढंच सांगते की आधी फड मोडून नका बघू, त्याला लागतं. पावसात आपोआप तुटून पडलेला एखादा तुकडा बघा. पांढरं दूध असेल तर तो थोर, पाणी असेल तर फड्या निवडुंग. मग बाई काय म्हणाल्या तेही सांगते. पुढचं ज्याचं त्यानं, आपापल्या महाराजांना विचारून ठरवावं.

आणि काहीच ठरवायचं नसेल तर नुसतं बघावं. हे लिहिते आहे तेव्हा माघ सरत आला आहे. बेटावर शेवटची चार-पाच फळं उरली आहेत, बुलबुल ती टोचून टोचून खात आहेत आणि बिया कुठं कुठं नेऊन टाकत आहेत. फड सुरकुतायला लागले आहेत. पण खालच्या अंगाच्या एका फडाच्या कडेला काल मला बारीक हिरवी गुंडी दिसली. फड आहे की कळी, ते ओळीच्या सुमाराला कळेल.